काकूंच्या दुपारांचं लॉगबुक

"अंदाजे बोलायची सवय हाय का तुम्हाला?"

रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमीतल्या त्या घराचा वरचा मजला भाड्याने बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला एवढा एकच प्रश्न विचारला. गाव कोणतं, आडनाव काय, मासे खाता का, बायको-मुलं कुठे, यातलं काही नाही. लुंगी, बनियन, मनगटावर घड्याळ आणि बनियनला खिसा नसल्यामुळे कानावर अडकवलेलं निळं पेन, अशा थाटात ते दारात उभे होते. मी म्हणालो, "तशी फारशी नाही."

"फारशी म्हंजे किती?"

इतकं होऊनही जागा मला मिळाली. का मिळाली हे मला आजतागायत कळलेलं नाही, कारण मी जन्मजात थापाड्या माणूस. पेणच्या गणेशोत्सवातल्या नाटकांत वीसेक वर्षं मी वकिलापासून खुन्यापर्यंत सगळं केलं आहे, आणि मंचावरून उतरल्यावरही ती कामं मी पूर्णपणे सोडलेली नाहीत. बायको-मुलं पेणला, नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. आठवडाभर अष्टमी, रविवारी पेण. अशा माणसाला देवाने तालुक्यातला सर्वांत अचूक माणूस घरमालक म्हणून द्यावा! देवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

सगळे त्यांना काका म्हणत. मीही म्हणू लागलो. ते मात्र मला 'लॅबवाले' म्हणत.

काकांनी चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. बॉयलरवरच्या माणसाचं काम असं, की दर तासाला वाफेचा दाब बघायचा, पाण्याची पातळी बघायची, आणि समोरच्या लॉगशीटवर आकडा लिहून सही ठोकायची. काका निवृत्त झाले, पण तास काही निवृत्त होईनात. घरातल्या खिळ्याला एक रजिस्टर टांगलेलं असे. त्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, सिलिंडर लावल्याची तारीख, कुकरच्या शिट्ट्या आणि माझं आगमन अशी सगळी नोंद. "काल तुम्ही चार पंचवीसला आलात, लॅबवाले. परवा चार दहाला. पुलावर पंधरा मिन्टं काय करत होता?" मी पुलावर उभं राहून कुंडलिकेचं पाणी बघत होतो असं बाणेदारपणे सांगत असे. खरं तर मी वडे खात असे. काका ऐकून घेत आणि रजिस्टरात लिहीत, 'कारण: पाणी बघणे (सांगितल्यावरून)'. तो कंस मला फार लागत असे.

त्या घरात खोडरबर नव्हतं. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही. गिरवायचं नाही. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस दारातूनच मान वर करून आकडा टिपून निघाला. काकांनी त्याला फाटकातून परत आणला, स्टुलावर चढवला, शेवटचा आकडा सात आहे की एक, हे मोठ्याने म्हणायला लावलं. "बघून लिवायचं. लिवून बघायचं नाय." हे त्यांचं ब्रीद. तो बिचारा नंतर आमच्या गल्लीत शिरताना आधी माझ्या खिडकीकडे बघून खुणेने विचारायचा, म्हातारा आहे का?

आणखी एक खूळ होतं, ते आता सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. काकांचा नकलेवर विश्वास नव्हता. कंपनीत म्हणे काही लोक आधी चिठोऱ्यावर आकडे लिहीत आणि मग सावकाश सुवाच्य अक्षरात लॉगशीटवर उतरवत. "उतरवताना माणूस सुधारतो," काका म्हणत. "फेअर कॉपी म्हंजे जिथं खोटं शिरलं ती जागा." तेव्हा काकांची प्रत्येक नोंद एकाच ठिकाणी. दुसरी प्रत नाही.

आता खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे येतो.

तो त्यांच्या मुलीने कॉलेजात असताना घेतलेला. ती लग्न होऊन नागपूरला गेली, तेव्हा जाण्यापूर्वी तिने त्यात गाणी भरली आणि लावायची कशी ते आईला शिकवलं. सोळाशे बेचाळीस गाणी. भावगीतं, नाट्यगीतं, कोळीगीतं, जुनी हिंदी. मी काकूंना पाहिलेलं नाही. मी राहायला आलो त्याच्या चार वर्षं आधी त्या गेल्या. त्या गेल्यावर दिवसकार्याला आलेल्या मुलीने काकांना सहज दाखवलं, की गाण्यांचा तो प्रोग्राम प्रत्येक गाण्यापुढे दोन नोंदी ठेवतो. गाणं आजवर किती वेळा वाजलं, आणि शेवटचं कधी वाजून संपलं. तारीख, तास, मिनिट.

काका बघतच राहिले असणार. चौतीस वर्षं शिफ्टमध्ये गेली. मागे घरात बायको दुपारी काय करते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. आणि आता समोर तिच्या दुपारांचं लॉगबुक! तेही मशीनने लिहिलेलं. बघून लिहिलेलं.

रोज संध्याकाळी पाच वाजता काका कॉम्प्युटर चालू करून ती यादी वाचत. होय, वाचत. गाणी ऐकत नसत. मी पहिल्यांदा म्हटलं, "काका, लावा की एखादं," तर ते असे दचकले, जणू मी बॉयलरची झडप उघडायला निघालोय.

"लावलं की आकडा वाढंल ना! तारीख बदलंल. माझं रीडिंग तिच्या रीडिंगात मिसळंल."

"मग ही गाणी ऐकायची कोणी?"

"तिनं ऐकली ना."

मग ते मला एकेक ओळ दाखवत. हे नाट्यगीत बघा, एकदाच. नाय आवडलं. हे कोळीगीत त्र्याण्णव वेळा. माहेरची आठवण. हे हिंदी आठ वेळा, आठही बहुतेक पोरगी नागपूरला गेल्यावर. मेलेल्या बायकोशी त्यांची ओळख अशी चालली होती, रोज एक तास. काही संध्याकाळी मी वरून जिना उतरताना पाय वाजवत नसे. बिनआवाजाच्या गाण्यांसमोर बसलेला तो पाठमोरा बनियनवाला माणूस बघून मी तसाच परत वर जात असे.

यादीत एका जागी मात्र ते डाव्या तळहाताने पडदा झाकत आणि उजव्या हाताने यादी पुढे सरकवत. दोन महिने मी ते पाहिलं. मग विचारलं.

काका पायरीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. काकू गेल्या त्या दिवशी काकांची सकाळची शिफ्ट होती. सुटी तीनला. सायकलने घर वीस मिनिटं. पण तीनला जो माणूस बदलीवर आला, त्याने येता येताच पुढच्या आठ तासांचे आकडे लॉगशीटवर भरून टाकले. तास व्हायच्या आधीच! काकांनी त्याला धरला. एकेका आकड्यावर रेघ मारायला लावली, प्रत्येक रेघेपुढे सही घेतली, वर साहेबाला बोलावून दाखवलं. या सगळ्यात सव्वाचार झाले. घरी पोचले तेव्हा काकू कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत होत्या, मान एका बाजूला. गाणं संपून थांबलेलं होतं. पडद्यावर त्याचं नाव होतं. नदीकाठी वाट बघणाऱ्या बाईचं जुनं भावगीत.

"डॉक्टर म्हणाला, दोन ते चारमधी कधीतरी. नक्की नाय सांगता येत." काका पायरीवरचा रंगाचा पापुद्रा नखाने काढत होते. "ते गाणं कधी संपलं ते तिथं लिवलेलं हाय. तीनच्या आधीचं आसंल, तर मी कंपनीत होतो, डूटीवर होतो, काय करनार होतो मी? आणि नंतरचं आसंल, तर..."

"तर?"

"तर मी टायमात घरी आलो आसतो, तर ती जिवंत होती."

"आणि तुम्ही चार वर्षं बघितलंच नाही?"

"बघीन. हिंमत झाली की बघीन. रीडिंग कुठं पळून जात नाय."

हे वाक्य त्यांनी अगदी खात्रीने म्हटलं होतं.

पुढच्या मे महिन्यात तो कॉम्प्युटर कण्हायला लागला. आतला पंखा घरघरायचा, मधेच पडदा निळा व्हायचा. मुलीने नागपूरहून पैसे पाठवून नवीन मशीन घ्यायला लावलं आणि काकांना तीन आठवड्यांसाठी तिकडे बोलावलं. गाणी नव्यावर घालायची जबाबदारी माझी, कारण माझ्याकडे लॅपटॉप होता आणि रोह्यात लॅपटॉप असलेल्या माणसाला सगळं येतं असं मानायची पद्धत आहे. ते मानलं जाऊ देण्याची माझीही पद्धत होती. निघताना काकांनी दोन अटी घातल्या. एकही गाणं चालू करायचं नाही. आणि त्या ओळीकडे बघायचं नाही. चुकून बघितलं जाऊ नये म्हणून त्यांनी गाण्याचं नाव मला एका कागदावर लिहून दिलं.

वाचकहो, माझ्या स्वभावाबद्दल मी वर पुरेसं सांगितलं आहे. काकांची गाडी वाटेतल्या कासू स्टेशनलाही पोचली नसेल, तोवर मी ती ओळ उघडलेली होती.

तीन वाजून एकतीस मिनिटं.

मी खुर्चीतून उठलो आणि उगाचच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. त्याच खुर्चीत बसून मी ते बघितलं होतं. वेळेवर निघालेला माणूस तीन वीसला घरी पोचला असता. चप्पल काढून, हात-पाय धुऊन बाहेर आला असता, तरी गाणं संपलेलं नसतं.

ती संध्याकाळ मी स्वतःशी घोकत राहिलो, की मी काही बघितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. सोळाशे बेचाळीसच्या सोळाशे बेचाळीस गाणी नव्या मशीनवर उतरवली. गाणी बरोबर आलीत का बघायला तीन लावून पाहिली. बरोबर आली होती. मग जुन्या कॉम्प्युटरच्या पेटीचं काय करायचं? पेणला माझ्या मामेभावाचा गणपतीचा कारखाना. सीझन तोंडावर आलेला, कारागिरांना दिवसभर गाणी लागतात. मी ऐटीत ती पेटी नेऊन त्याला भेट दिली. "नुसती गाणी वाजवायला चालेल अजून," म्हटलं. "तुझी पोरं खूष होतील."

काका नागपूरहून आले. पाच वाजता नवीन कॉम्प्युटर चालू झाल्याचा आवाज मी वरून ऐकला आणि शाबासकी घ्यायला खाली उतरलो.

काका पडद्याला नाक लावून बसले होते.

"लॅबवाले, हे सगळं शून्य हाय."

"शून्य कसं असेल? गाणी आहेत ना?"

"गाणी हायत. आकडे नायत. सोळाशे एकोणचाळीस शून्य." त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "आणि तीन एक. हे तीन एक कोणाचे?"

त्या प्रश्नाला उत्तर देताना मी आयुष्यात पहिल्यांदा संवाद विसरलो.

चूक समजायला मला एक रात्र इंटरनेटवर घालवावी लागली. ते आकडे गाण्यांवर लिहिलेले नसतातच. ते प्रोग्रामच्या एका वेगळ्या फाइलमध्ये असतात. म्हणजे मी शाळेतली पोरं मोजून नव्या इमारतीत नेली आणि हजेरीबुक जुन्या इमारतीत सोडून आलो. वर ती इमारत मामेभावाला देऊन टाकली.

आता एक गोष्ट कबूल करतो. हे कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बरं झालं. ती ओळ गेली. चार वर्षं ज्या एका आकड्याच्या भीतीने हा माणूस पडद्यावर हात ठेवतो, तो आकडाच गेला. पण खाली जाऊन पाहिलं तर काका कोनाड्यातल्या देवांना पाठ करून बसले होते आणि चहा तसाच गार झाला होता. त्यांचं त्र्याण्णव गेलं होतं. आठ गेलं होतं. तिला न आवडलेलं नाट्यगीतसुद्धा गेलं होतं. "ती दुसऱ्यांदा गेली रे," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी 'लॅबवाले' राहिलो नाही. ते मला अरेतुरे करू लागले. अजून तरी त्यात माया नव्हती.

मी म्हटलं, "काका, पेणला जाऊ. फाइल त्या पेटीत असणार."

सकाळच्या गाडीने आम्ही पेणला उतरलो. कारखान्यात शिरण्याआधीच रस्त्यावर गाणं ऐकू आलं. काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की त्यांची बोटं दुपारपर्यंत दंडावर दिसत होती.

"वाजतंय! आकडा वाढतोय! बंद कर, बंद कर!"

आत दोन्ही बाजूंना पांढरे गणपती रांगेने बसलेले, मधे चिंचोळी वाट, वाटेच्या टोकाला फळीवर ती पेटी आणि तिच्याशेजारी पाटावर बसून सुगंधा नावाची बाई एका तीन फुटी मूर्तीचे डोळे आखत होती. पेणजवळच्या वाशीच्या, खाडीकाठच्या खारेपाटातली, चाळिशीची, हाताला बारीक कुंचला. गाणं होतं नदीकाठी वाट बघणाऱ्या बाईचं. काका वाटेतून जवळजवळ धावत सुटले.

"ओ काका!" सुगंधा मान न हलवता ओरडली. "तिथंच उभं ऱ्हावा! डोला बिघरंल!"

"बंद करा ते आधी!"

"गाना संपल्याबिगर मी हात उचलत नाय. दोन मिन्टं. बाप्पा आंधला करताव काय माझा?"

आणि वाचकहो, काका थांबले. दुसऱ्याच्या कामाच्या मधे ते आयुष्यात कधी आले नव्हते. एका गणपतीच्या सोंडेला धरून ते उभे राहिले आणि ते गाणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चार वर्षं रोज तळहाताखाली झाकलेलं. ऐकत होते मात्र बहुधा पहिल्यांदाच. गाणं संपलं. सुगंधाने कुंचला पाण्यात बुडवला. आकडा एकाने वाढला.

मामेभाऊ हात पुसत आला. "काय पेटी दिलीस रे भावा! सीझन तारला आमचा. परत मागशील तर आता देणार नाय हां!"

मी त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मग मी पेटी ताब्यात घेतली आणि तिथल्या तिथे ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवली. काका म्हणाले, "किती कॉपी?" मी म्हटलं, "तीन." त्यांनी नुसती मान हलवली. ज्या माणसाने जन्मभर दुसरी प्रत मानली नाही, त्याची ती मान बघून मला फार वाईट वाटलं.

मग सुरू झालं वेगळंच काम. फाइल धडधाकट होती, पण कारखान्याने तीन आठवडे गाणी वाजवली होती. तारखा पाहिल्या. सोळाशे दोन गाण्यांना कोणी हात लावलेला नव्हता. ती जशीच्या तशी काकूंची. उरलेल्या चाळीसांत कारखाना मिसळला होता. काकांनी रजिस्टर उघडलं, कानावरचं पेन काढलं आणि पाटावर बसून एकेका कारागिराची साक्ष सुरू केली.

"हे कोळीगीत कोण लावतो? दिवसातून किती वेळा?"

"मी काका. चारदा. नाय, पाचदा."

"चार की पाच?"

"आता कसा सांगू? जेवून आलो की लावतो. आणि चायला."

"रविवारी चहा असतो?"

"रविवारी सुट्टी काका."

"मग रविवार वजा."

पोरं आधी हसली. अर्ध्या तासाने हसायची थांबली आणि मनापासून आठवू लागली. हा माणूस कसला हिशेब करतोय हे मामेभावाने हळूच त्यांच्या कानावर घातलं होतं. शेवटी सुगंधाची पाळी आली. तिच्या गाण्यापुढे आकडा होता तीनशे अठ्ठावन्न.

"मी नाय मोजलं वो," सुगंधा म्हणाली. "पन त्या गान्यावर हात कापत नाय माझा. मोठी मूर्ती घेतली की तेच लावते. एक गाना, एक बाप्पा. दोनी डोले त्यात होतात."

काकांचं पेन थांबलं. "एका गाण्यात एक मूर्ती? नक्की? कधी दोनदा लावावं लागलं नाय?"

"आईशप्पथ नाय."

मामेभावाच्या फळ्यावर तिने पुऱ्या केलेल्या मोठ्या मूर्तींच्या रेघा होत्या. आत्ताची धरून एकशे एकवीस. काका वजाबाकी करायला लागले, तेवढ्यात सुगंधा म्हणाली, "थांबा थांबा, दोन बाप्पा फुटले ना! डोले काढल्यावर फुटले. ते नाय लिवलेत शेटनी." एकशे तेवीस. तीनशे अठ्ठावन्नातून एकशे तेवीस गेले, दोनशे पस्तीस. काकांनी आकडा लिहिला आणि रजिस्टर सुगंधापुढे धरलं. "सही कर. तुझ्या सांगण्यावरून लिवलंय." तिने पेन नको म्हटलं. कुंचल्यानेच एक सुबक सही केली.

दोनशे पस्तीस वेळा. काका त्या आकड्याकडे बघत होते आणि मी काकांकडे. हा माणूस आता हसेल असं मला वाटलं. त्याऐवजी ते उठले, पेटीसमोर गेले, ती ओळ शोधली आणि या खेपेला त्यांनी हात आडवा धरला नाही. एकदा सगळं हातचं गेल्यावर म्हणा, किंवा सुगंधाच्या तोंडून ते गाणं इतकं साधं होऊन आल्यावर म्हणा, त्यांना हिंमत झाली होती. चार वर्षांनी.

ओळीत आजची तारीख होती. वेळ अकरा वाजून आठ मिनिटं. त्यांनी स्वतः उभं राहून ऐकलेलं.

'तारीख बदलंल' हे काकांनीच मला कधीचं सांगितलं होतं, पण आकड्यांच्या नादात आम्ही दोघंही ते विसरलो होतो. तो प्रोग्राम फक्त शेवटची वेळ ठेवतो. नवीन वेळ आली की जुनी जाते. किती वेळा, हे वजाबाकीने परत आणता येतं. कधी, हे येत नाही.

काकांनी पेन पुन्हा कानावर अडकवलं. सुगंधा उठून आली. "काका, माझ्यामुलं काय गेला का वो तुमचा?"

"नाय गो," काका म्हणाले. "तू तुझं काम केलंस."

परतीच्या गाडीला गर्दी नव्हती. पेटी काकांनी मांडीवर घेतली होती. नवीन मशीन कारखान्याला द्यायचं ठरलं होतं. कासू गेलं. खाडीकडच्या शेतांत पाणी चमकत होतं. मी बोलण्यासारखं काही शोधत होतो, तेवढ्यात काका बाहेर बघतच म्हणाले, "तू ती ओळ बघितली होतीस ना?"

मी तिकिटाची घडी घालू लागलो.

"मी नाव लिवून दिलं तेव्हाच मला वाटलं होतं. तुझा सोभाव मला ठाऊक नाय? बघितलीस ना?"

"हो, काका."

"किती होतं?"

वीस वर्षांची नाटकं मी त्या क्षणासाठी केली होती. गोल आकडा सांगितला तर त्यांना संशय येणार. आवाज जड करायचा नाही. पटकनही सांगायचं नाही. मी कपाळाला आठी घातली, आठवल्यासारखं केलं आणि म्हणालो, "एक सत्तेचाळीस. दुपारचं. मला नीट आठवतं, काका. तुम्ही कंपनीतच होतात. तीनला निघालात असतात तरी काही होणार नव्हतं."

काकांनी कानावरचं पेन काढलं. मांडीवरच्या पेटीवर रजिस्टर उघडलं. पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"अष्टमीत एक ते अडीच नळाला पाणी असतं," ते म्हणाले.

मी जनरल शिफ्टचा माणूस. दुपारी अष्टमीत काय असतं ते मला कसं ठाऊक असणार?

"त्या टायमाला ती पाणी भरायची. हंडे, पिंप, सगळं. तिच्या सगळ्या गाण्यांत एक ते अडीचमधलं एक नाय. मी चार वर्षं वाचतोय."

"त्या दिवशी कदाचित..."

"पिंप भरलेलं होतं," काका म्हणाले. "मी त्यातलंच पाणी घेतलं तिच्यासाठी."

गाडी हळू झाली, मग पुन्हा वेगात आली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि काकांनी हात वर करून मला थांबवलं. रागाने नव्हे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, नागपूरहून आल्यापासून पहिल्यांदा.

"तीनच्या आधीचं आसतं, तर तू खरं तेच सांगितलं आसतंस ना रे," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलला आसतास?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. खरी वेळ त्यांनी मला विचारली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे ते गेले तोवर कधीच नाही.